हॉटेलसारखं घर कशाला हवं?



दसऱ्यानंतर नागपूरला नात्यातल्या एका घरी गृहप्रवेश होता. सकाळी शांतिविधान झालं, सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपली आणि मग यजमानीणबाईंनी सगळ्यांना घर दाखवायला नेलं. एक बटण दाबलं की छताच्या कडेनं निळसर उजेड. दुसरं दाबलं की पायऱ्यांखालून पिवळा. तिसरं दाबलं की पलंगाच्या बुडातून पांढरा. प्रत्येक बटणाला बाया 'अय्या' म्हणत होत्या. शेवटी एकीनं सर्टिफिकेट दिलं, "अगदी हॉटेलसारखं झालं हो वहिनी!" आणि वहिनी खूश झाल्या.

मी तिथे काही बोलले नाही. दुसरीच्या आनंदात मिठाचा खडा कशाला टाकायचा? पण दिवाळी झाली तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. जिच्या घरी गेले होते तिला वाचून वाईट वाटलं तर तिनं एवढं लक्षात घ्यावं, की हीच चूक माझ्या घरात तिच्याआधी सात वर्षं झालेली आहे.

हॉटेलात आपण दोन रात्री राहतो. पलंगाखाली काय आहे ते बघत नाही, छताच्या पोकळीत कोण राहतं ते विचारत नाही, आणि झुरळं नसावीत म्हणून तिथे दर महिन्याला काय फवारतात हे तर कोणी विचारूच नये. घरात मात्र हे सगळं आपल्या खाती पडतं. ज्या बाया पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडतात, बटाटा घरात येऊ देत नाहीत, त्यांनाच आपलं घर हॉटेलसारखं दिसावं असं का वाटतं, हे मला कळत नाही. २०१८ मध्ये मलाही तसंच वाटत होतं, म्हणून हे जास्तच टोचतं.

आम्ही मुलचेऱ्याला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा गडचिरोली जिल्ह्यातला तालुका. चहूकडे जंगल, आणि आलापल्लीचं नावाजलेलं सागवान आमच्या शेजारचं. माझं माहेर कारंजा लाडचं. बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन इथे आले तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. सासरी धान्य-किराण्याचा व्यापार. आपल्या समाजाची घरं इथे बोटावर मोजण्याइतकी. देवघरातल्या मूर्तीसमोरच आमचं सगळं पर्व होतं, बाकी दर्शनाला चंद्रपूर नाहीतर भद्रावती.

मोठ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा घर 'नवीन' करायचं ठरलं. एक इंटिरिअरवाले आले, लॅपटॉपवर चित्रं दाखवली. चित्रात आमचंच घर, पण आमची एकही वस्तू त्यात नव्हती. सासऱ्यांनी करून घेतलेले दोन सागवानी पलंग, वेताच्या विणीच्या सहा खुर्च्या आणि सासूबाईंची बाज कोठीत गेली. त्यांच्या जागी हायड्रॉलिकवर झाकण उघडणारा बॉक्सचा पलंग, जमिनीला टेकलेला कप्प्यांचा सोफा, भिंतभर टीव्ही युनिट, आणि वर फॉल्स सीलिंग. नुसत्या फर्निचरचं बिल तीन लाख रुपये. दिवे वेगळे.

दिवे किती, ते मी नंतर मोजले. सेहेचाळीस. माणसं तेव्हा पाच.

इथे माझ्यातली कॉमर्सची बाई जागी होते. आमच्या जुन्या घरात साठ वॅटचे सहा बल्ब होते, म्हणजे ३६० वॅट. ५ जानेवारी २०१५ ला सरकारची उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले, साठच्या जागी नऊ वॅटमध्ये तेवढाच उजेड मिळू लागला. चांगलीच गोष्ट झाली. सहा बल्ब बदलून आम्ही थांबलो असतो तर ५४ वॅटमध्ये घर उजळलं असतं. आम्ही सेहेचाळीस लावले, सरासरी आठ वॅटचे. ३६८ वॅट! वाचवलेली सगळी वीज परत खर्चून वर आठ वॅट जास्त. आमच्या अर्थशास्त्रात जेव्हन्स नावाचे साहेब होते. त्यांनी १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलं होतं, की यंत्र काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, उलट जास्त जळतो. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरले.

वीज तरी एक वेळ पैशांची गोष्ट. खरं सांगायचं आहे ते पुढचं.

२०१९ चा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला त्या संध्याकाळी घरी पाहुणे होते. सुनेनं हौसेनं गॅलरीतली पट्टीची लाईट लावली. पांढरीशुभ्र, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रात्री ती बंद करायची राहून गेली. तुमच्यापैकी जंगलपट्टीत राहणाऱ्या ओळखतील, पहिल्या पावसानंतर उधळीला, म्हणजे वाळवीला, पंख फुटतात आणि ती पाखरं वारुळातून हजारोंनी बाहेर पडतात. सकाळी दार उघडलं तर फरशी दिसेना. पंखांचा थर, त्यात अर्धमेले किडे, त्यांवर मुंग्या, भिंतीवर फुगलेल्या पाली. मी तीन वेळा सुपली भरली. मऊ झाडूनं, हळूहळू, जे हलत होते त्यांना बाजूला सारत. बाजूला सारून तरी काय होणार होतं?

सासूबाई होत्या तेव्हा अशा संध्याकाळी त्या अंगणातला एकुलता बल्ब मालवायला लावायच्या. "पाखरं निघाली, दिवा बंद करा गं," एवढंच. अर्धा-पाऊण तास आम्ही अंधारात गप्पा मारत बसायचो. पाखरं उडून, पंख टाकून आपापल्या वाटेला लागायची. त्यासाठी त्यांनी कधी प्रवचन दिलं नाही, शाळाही त्या चौथीपर्यंतच शिकल्या होत्या.

किडे दिव्याकडे का येतात, याबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो की त्यांना उजेडाचा मोह असतो. पतंगाच्या मोहाचा दाखला प्रवचनातही देतात. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि इतर संशोधकांचं काम 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात छापून आलं, ते मुलीनं मला समजावून सांगितलं. उडणारा किडा आपली पाठ सतत उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात उजेडाची बाजू म्हणजे आभाळ, म्हणजे वर. वर-खाली ओळखण्याची त्याची ती खूण आहे. जवळ दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, तिरका होतो आणि तिथेच घिरट्या घालत अडकतो. उजेड खालून वर मारला तर तो उलटा होऊन जमिनीवर आदळतो. याचा अर्थ काय, तर मोह त्याचा नव्हताच. मोह सेहेचाळीस दिवे लावणाऱ्या माझा होता. आणि बागेत झाडाच्या बुंध्याशी गाडलेले, खालून वर प्रकाश फेकणारे जे दिवे आज प्रत्येक नव्या बंगल्यात दिसतात, ते सगळ्यात वाईट.

आपण रात्री जेवत नाही. का जेवत नाही, हे प्रत्येकीला पाठ आहे. दिव्यापाशी जीव येतात, अन्नात पडतात. मग ताट सूर्यास्ताआधी उचलायचं आणि नंतर पाच तास तेच दिवे दहापट लावून ठेवायचे, हा कुठला नियम? ताटात पडलेला जीव मोजायचा आणि गॅलरीत पडलेला मोजायचा नाही?

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं. कारण असेल तर गृहस्थाला करावंच लागतं, तेवढी सूट आहे. कारण नसताना केलं की तो अनर्थदंड. छताच्या पोकळीत लपवलेला, ज्याच्या उजेडात कोणी वाचत नाही, शिवत नाही, निवडत नाही, असा दिवा कशात मोडतो, ते तुम्हीच ठरवा.

आता फर्निचर. २०२१ च्या श्रावणात हायड्रॉलिकचं झाकण उचललं तर आतल्या गाद्यांना मातीचे माग चिकटलेले. उधळी. टीव्ही युनिटच्या मागे तर भिंतभर नकाशा झालेला. होणारच होतं. आमच्याकडे पाऊस दणकून पडतो, भिंतींना ओल येते, आणि आम्ही लाकडाच्या भुशाच्या नि पातळ थरांच्या पाट्या त्या ओल्या भिंतीला नि जमिनीला चिकटवून, आत अंधार करून ठेवल्या होत्या. वारा नाही, ऊन नाही, झाडू पोचत नाही. उधळीसाठी याहून चांगली सोय मुद्दाम करायची म्हटली तरी जमली नसती.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीच्या कडेनं भोकं पाडली, औषध भरलं, फवारलं. 'काम समाधानकारक झाले' अशा कागदावर सही हवी होती. मुलगा दुकानात होता, सून तिच्या माहेरी. सही मी केली. आठवड्याभरानं भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा. कोणाकडे मागायची होती ती? मी त्या वर्षी दहा दिवस एकाशनं केली, कोणाला कारण सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय आला आणि मला माझाच कागद आठवला. २००९ मध्ये रामटेकला एका माताजींसमोर मी परिग्रह-परिमाण घेतलं होतं. बाह्य परिग्रह आपल्याकडे दहा सांगितले आहेत. शेत, वास्तू, धन, धान्य, नोकर, जनावरं, वाहन, भांडी, कपडे हे सगळ्यांच्या लक्षात असतं. पण त्यात एक 'शयनासन' आहे. शयन म्हणजे झोपायचं, आसन म्हणजे बसायचं. सरळ मराठीत फर्निचर! पूर्वजांनी ते सोन्या-धान्याच्या रांगेत वेगळं नाव देऊन ठेवलं आहे. मी साड्यांचा आकडा लिहिला होता, सोन्याचा लिहिला होता, 'पलंग चार' असंही लिहिलं होतं. नवीन पलंग घेताना जुने दोन कोठीत टाकले, म्हणजे संख्या वाढली की नाही? वाढली. मी तेव्हा मनाशी म्हटलं, कोठीतले मोजायचे नाहीत. आणि दिव्यांचा आकडा तर मी लिहिलाच नव्हता, कारण २००९ मध्ये कुठल्या बाईला वाटेल की दिवे मोजावे लागतील? वकिलासारखी पळवाट काढली आणि ती काढताना मला छान वाटलं, हे जास्त वाईट.

हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती ऐकून घेऊन म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, मोतीबिंदूनंतर तुम्हाला वाचायला दोन दिवे लागतात. आधुनिक सोयी तुम्हालाही हव्याच आहेत की." ती शिक्षिका आहे, मुद्दा सोडत नाही. आणि तिचं खरंच होतं. मी काही अंधारात, चटईवर राहा असं म्हणत नाही. पाठ टेकून बसता येईल अशी, योग्य उंचीची, हाताला आधार असलेली खुर्ची साठीनंतर चैन नाही, गरज आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर लख्ख उजेड पाहिजे, नाहीतर धान्य निवडताना जीव दिसणार कसा? उलट तिथेच आमच्या डिझाइनमध्ये अंधार होता. कपाटाची सावली बरोबर ओट्यावर पडायची आणि सेहेचाळीसपैकी एकही दिवा तिथे नव्हता. ज्यानं चित्र काढलं त्यानं कधी डाळ निवडली नसावी.

तिनं आणखी एक बोलून दाखवलं, ते मी विसरत नाही. "पलंगाखाली झाडायचं म्हणजे तुम्ही नाही, मी नाही, कामाच्या मावशी वाकतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पलंगाखालचं मी लांब दांड्याच्या झाडूनं स्वतः काढते, आठवड्यातून दोनदा. जमतं तेवढं.

आता कोणी म्हणेल, मग तुमचं सागवान तरी कुठे अहिंसक? बरोबर. पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, जंगल तोडून विकण्याचा धंदा श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे. आणि आम्ही तर त्या जंगलातच राहतो. आलापल्लीच्या जंगलात सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाड न लावता राखून ठेवला आहे, 'वनवैभव' म्हणतात, २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथली उंच झाडं एकदा मान वर करून पाहिली की नवीन सागवानी दिवाणाची ऑर्डर देताना हात थरथरतो. दुसरीकडे, २९ मार्च २०२३ ला बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवानाची पहिली खेप वाजतगाजत निघाली, तेव्हा आमच्या भागात किती अभिमान होता! मंदिराच्या दारांना हे लाकूड का निवडलं? ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे जून सागाला उधळी सहसा लागत नाही, म्हणून. अयोध्येला आमचं लाकूड गेलं आणि आम्ही मुलचेऱ्यात कुठल्याशा कारखान्यातला भुसा हप्त्यावर घेतला.

पण नवं सागवान घ्या असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं, जे झाड पन्नास वर्षांपूर्वी कापलं गेलं त्याचा पलंग कोठीत पडलेला असताना दुसरं झाड आणि दुसरी उधळी कशाला मारायची? जुनं दुरुस्त करा. नसेल तर जुन्या वाड्याचं लाकूड मिळतं, ते घ्या.

जुनं म्हणजे सगळं पवित्र, हा भ्रमही ठेवू नका. आमचे पलंग कोठीतून काढले तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, "काकू, हे सरस लावून जोडलंय, आणि वर चपडा पॉलिश आहे." सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला डिंक. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आलं, त्याआधी नि त्यानंतरही पुष्कळ वर्षं सुतारांकडे सरसच असे. आणि चपडा म्हणजे लाख. पळसावर, कुसुमावर लाखेचे किडे जो थर घालतात तो किड्यांसकट खरवडून वितळवतात. लाखेचा व्यापारही पंधरा कर्मादानांतच आहे. आमच्या सासूबाईंनी जन्मभर मध चाखला नाही आणि रोज लाखेवर झोपल्या. त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, तर विचारायला हवं. आम्ही पलंग तासून घेतले, सांधे साध्या फेविकॉलनं आणि खिळपट्टीनं पक्के केले, वर जवसाचं तेल चोळून घेतलं. मेणाचं पॉलिश मी नको म्हटलं, त्यात मधमाशीचं मेण असतं. चमक थोडी कमी आली. चालेल.

तीन लाखांचं काय झालं, तेही सांगून टाकते, हिशेब अर्धा ठेवायची मला सवय नाही. आयकराच्या नियमानं फर्निचरवर दरसाल दहा टक्के घसारा, उरलेल्या किमतीवर. सहा वर्षांनी वहीत ते १,५९,४३२ रुपयांचं दिसायला हवं. २०२४ मध्ये भंगारवाल्यानं सगळ्याचे मिळून २,२०० दिले, तेही हायड्रॉलिकच्या लोखंडासाठी. पाट्या न्यायला तयार नव्हता, म्हणाला, "हे जाळता पण येत नाही काकू, धूर डोळ्याला झोंबतो." सागवानी पलंगांच्या दुरुस्तीला नऊ हजार लागले.

फॉल्स सीलिंग अर्धं काढलं. काढताना वर काय काय सापडलं ते लिहीत नाही. जेवायच्या वेळी वाचत असाल.

आता घरात चौदा दिवे आहेत. सगळे पिवळसर. दुकानात 'वॉर्म व्हाइट' मागा, खोक्यावर २७०० के किंवा ३००० के छापलेलं असतं. ६५०० के म्हणजे तो निळसर पांढरा. त्यात किड्यांना खेचणारा निळा प्रकाश जास्त असतो. पिवळ्यावर किडे येतच नाहीत असं नाही, कमी येतात. प्रत्येक दिव्याला वेगळं बटण केलं, कारण एका बटणावर दहा दिवे असले की एक हवा असताना दहा लागतात. बाहेरच्या दिव्याला वरून झाकण, उजेड फक्त पायरीवर. खिडक्यांना बारीक जाळी आणि दिवेलागणीला पडदा. बाकी सासूबाईंचा अर्धा तास आहेच.

लग्नकार्यात नवीन घ्यावंच लागलं तर दुकानदाराला विचारायला लाजू नका. सोफ्याला चामडं आहे का? गादीत लोकर, पिसं आहेत का? पॉलिश कशाचं? आपण बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचतो आणि पन्नास हजारांच्या सोफ्याला 'रंग कुठला' एवढंच विचारतो. पलंग, सोफा, आलमारी, काही असो, जमिनीपासून वीतभर वर पाहिजे, भिंतीपासून चार बोटं लांब पाहिजे आणि दोन माणसांना उचलून उन्हात नेता आलं पाहिजे. वैशाखाच्या उन्हात गाद्या नि पलंग बाहेर टाकायचे, ढेकूण-उधळी मुक्कामालाच येत नाहीत, मारायची वेळच येत नाही. आदाननिक्षेपण समिती मुनींची असली तरी गृहस्थालाही बघून उचलावं, बघून ठेवावं एवढं लागू आहेच. ज्या पलंगाच्या आत बघताच येत नाही, त्याचं झाकण दाणकन आपटताना आपण काय बघणार?

स्टायलिश हवं असेल तर बांबू बघा. इथे बुरड कारागिरांच्या हातात पिढ्यांचं कसब आहे, आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे नव्या पद्धतीच्या खुर्च्या, दिव्यांच्या शेड आता इकडे बघायला मिळतात. बांबू कापला तरी बेटातून परत फुटतो, हे मला त्यातलं मोठं समाधान. आधी प्रक्रिया केलेलाच घ्या, नाहीतर वर्षभरात आतून पीठ पडायला लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबू-वेताच्या फर्निचरवर जीएसटी पाच टक्के झाला आहे, इतर फर्निचरवर अठरा. आमच्या बैठकीत आता बांबूच्या दोन खुर्च्या आणि वेताच्या विणीच्या जुन्या चार आहेत. दोन जुन्या मी परिमाणात बसेनात म्हणून जावेला दिल्या. नागपूरच्या पाहुण्यांनी त्या बघून विचारलं, "कुठल्या ब्रँडच्या?"

दिवाळीला, निर्वाणलाडूच्या दिवशी, पहाटे देवघरात दिवा आणि उंबऱ्याशी दोन पणत्या लावल्या. सुनेनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली एकीनं लिहिलं, "लाईट गेली का गं तुमच्याकडे?"

गॅलरीतली ती पट्टी अजून काढलेली नाही. तिचं कनेक्शन तोडून ठेवलंय. नातू सहा वर्षांचा आहे, त्याला ती फार आवडते, वाढदिवसाला एकदा लावा म्हणतो. वाढदिवस येतो ऐन श्रावणात. मी म्हटलं, हिवाळ्यात लावू, डिसेंबरात एक संध्याकाळ तुझी. तो म्हणतो, डिसेंबरात माझा वाढदिवस नसतो. बोलणी चालू आहेत.